वरच्या मजल्याची तालीम

आता ती कुणाचीच नक्कल करत नाही. कुणी फारच गळ घातली, ‘एकदाच गं, तो पाय घाशीत चालणारा वॉचमन करून दाखव,’ म्हणाली, की तिचा चेहरा असा काही उतरतो की विचारणारीलाच ओशाळल्यासारखं होतं. कामगार संघटनेची पत्रकं हातात घेऊन ती कारखान्यांच्या फाटकाशी उभी राहते. भर उन्हात, सुटीच्या भोंग्याच्या वेळी. वॉचमन हाकलतो, ती रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तो आत वळला की पुन्हा अलीकडे येते. बायका बाहेर पडू लागल्या की पत्रक पुढं करायच्या आधी तिचा एक प्रश्न ठरलेला असतो, "इथं वर कुणी राहतं का?" बायका बुचकळ्यात पडतात. पगाराचं विचारावं, तासांचं विचारावं, हे काय भलतंच? पण उत्तर मिळाल्याशिवाय ती वाट सोडत नाही. संघटनेतल्या नव्या पोरापोरींना वाटतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. होईल नाहीतर काय! जे तिच्या हातून झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर ती व्यक्ती अंथरुणालाच खिळली असती.

नकलांची खोड तिला लहानपणापासूनची. शाळेत मोठ्या बाईंचा आवाज काढून तिनं एकदा दाराआडून ‘सुटी!’ अशी आरोळी ठोकली आणि अख्खा वर्ग दप्तरं उचलून पसार झाला. आईनं बदडून काढलं, आणि बदडता बदडता आईलाच हसू फुटलं. लग्न होऊन सासरी आली तर तिथं थोरली नणंद, बिनलग्नाची, गुडघ्यानं अधू आणि जिभेनं धडधाकट. नव्या नवरीनं पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात नणंदेचं लंगडणं आणि कुरकुरणं करून दाखवलं, आणि मागं वळून बघते तो नणंद दारात उभी! नणंद म्हणाली, "डावा नव्हे गं बये, उजवा दुखतो माझा. करायचंच तर नीट कर." तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं. पुढं सासू गेली. नवराही गेला, छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन, बघता बघता. घरात दोघीच उरल्या. पोट काही कुणासाठी थांबत नाही. ही गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली.

कारखाना म्हणजे खाली एक लांबच लांब हॉल, मशीनच्या रांगा, डोक्यावर ट्यूबलाइट आणि हवेत कायमचा कापडाचा भुसा. दवाखान्यांचे पांढरे कोट, शाळांचे शर्ट, हॉटेलातल्या नोकरांचे डगले. माल दूरदेशी जायचा. कामाला बायका दोन तऱ्हेच्या. खालच्या आणि वरच्या. खालच्या म्हणजे सकाळी डबा घेऊन येणाऱ्या, संध्याकाळी घरी जाणाऱ्या. वरच्या म्हणजे लांबून आणलेल्या पोरी. कुणी एक गोडबोल्या त्यांच्या मुलखात जाऊन, आईबापांना चांगल्या नोकरीची आशा दाखवून त्यांना घेऊन आला होता. त्यांचे ओळखपत्रांचे कागद ‘सांभाळून ठेवायला’ मॅनेजरच्या कपाटात, फोन ‘हरवू नयेत म्हणून’ त्याच कपाटात, आणि पोरी वरच्या मजल्यावर. काम संपलं की जिन्यानं वर, आणि दाराला बाहेरून कडी. ‘पोरीबाळी आहेत, जमाना वाईट आहे,’ असं मॅनेजर म्हणायचा. खालच्यांना ते पटायचं. खोटं कशाला बोला, पटवून घेणंच सोयीचं होतं. आपला डबा उघडताना वरच्या मजल्याचा विचार कोण करत बसतो?

मॅनेजर हळू बोलणारा माणूस. त्यानं कधी कुणावर आवाज चढवला नाही, कधी शिवी दिली नाही. फार झालं तर एवढंच म्हणायचा, "तुला दुसरीकडे पाठवू का?" एवढ्यानं वरच्या पोरींचे हात मशीनवर थिजायचे. हे ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथं गेलेली पोर परत आली नव्हती, एवढंच ठाऊक होतं.

माल घेणाऱ्या बड्या कंपन्या अधूनमधून तपासनीस धाडायच्या. माणसांना माणसांसारखं वागवता ना, एवढं बघायला. तपासणी ठरली की मॅनेजर कॅन्टीनमध्ये सगळ्यांची तालीम घ्यायचा. स्वतः खुर्चीवर बसून प्रश्न विचारायचा आणि पोरी पाठ केलेली उत्तरं द्यायच्या. पण तो तपासनीस म्हणून अगदीच फुसका. एकदा तो असाच "अं... कामाचे तास किती?" म्हणत होता, तेव्हा मागच्या रांगेतून हिनं मागच्या खेपेला आलेल्या तपासणीवाल्या मॅडमचा आवाज काढला. तोच नाकातला सूर, तेच पेन टकटकवणं. "बसा हं, घाबरू नका हं, मी काही खात नाही हं!" सगळं कॅन्टीन खो खो हसलं. मग एकदम चिडीचूप झालं, कारण मॅनेजर हसला नव्हता. तो तिच्याकडे टक लावून बघत होता.

"पुढं या बाई," तो म्हणाला. "इथं खुर्चीवर बसा."

तेव्हापासून ती तपासणीबाई. मॅनेजरनं तिला एक फाइल दिली, बिनकाचेचा चष्मा दिला, आणि भिंतीजवळच्या कोंदट मशीनवरून उठवून खिडकीजवळचं मशीन दिलं. उजेड, वारा, आणि वर साहेबांची शाबासकी. कुणाचंही डोकं फिरेल. तिचंही फिरलं, आणि ती मन लावून काम करू लागली, हेच तर वाईट झालं. कामचुकार असती तर बरं झालं असतं. तिनं मॅनेजरला सांगितलं, "साहेब, या पोपटासारखं बोलतात. सगळं छान आहे, सगळं छान आहे! कुणाचा विश्वास बसेल? एकेकीनं काहीतरी बारीकसं गाऱ्हाणं करायला हवं. एकीनं म्हणावं चहा पातळ असतो. एकीनं म्हणावं पंखा फार आवाज करतो. गाऱ्हाणं करणारा माणूस घाबरलेला वाटत नाही." मॅनेजरनं तिच्याकडे असं बघितलं की जणू घरात गुप्तधन सापडलं.

मग त्यानंच पुढची युक्ती काढली. "बाई, एखादा तपासनीस लबाड निघाला तर? गोड बोलून पोरींना फोडायला बघेल. तेही करून दाखवा."

तिनं करून दाखवलं. तालमीत एकेका पोरीला समोर बसवायचं, नेहमीचे प्रश्न विचारायचे, मग फाइल मिटायची, चष्मा काढून टेबलावर ठेवायचा, पुढं वाकायचं आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "आता कुणी ऐकत नाहीये. मला खरं सांग, पोरी." वरच्यांमध्ये एक उंच, लांब वेणीची मुलगी होती. बाकीच्या तिला उंचताई म्हणायच्या. ती हिच्यासमोर बसली, चष्मा टेबलावर ठेवलेला तिनं बघितला, आणि तिचा बांध फुटला. कडी, कपाटातले कागद, आईशी बोलायला मिळत नाही ते, सगळं ती हुंदके देत सांगत सुटली. ही तालीम आहे हे ती विसरलीच, खरंच आपली सुटका करायला कुणी आलंय असं तिला वाटलं. आणि या बयेला त्या क्षणी काय वाटलं असेल? अभिमान! आपण इतकी हुबेहूब नक्कल केली की समोरची रडली, याचा अभिमान. कॅन्टीनच्या पडद्याआड ऐकत उभा असलेला मॅनेजर बाहेर आला. "छान," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उंचताईच्या मशीनवर कापड झाकलेलं होतं. घरी पाठवलं, असं सांगण्यात आलं. त्यानंतर तालमीत एकही पोर फसली नाही. तपासणीबाईनं चष्मा काढला, आवाज मऊ केला, की पोरी गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "खरंच सांगते मॅडम, आम्ही इथं खुशीत आहोत." कसं हसायचं तेही हिनंच शिकवलेलं.

हिच्यासमोरच्या मशीनवर काज करणारी एक पोर होती, वरच्यांतली सगळ्यात धाकटी. गालावर खळी, दात थोडे पुढं. हिला ती फार आवडायची. एके दुपारी धाकटी दोरा मागायच्या निमित्तानं वाकली आणि मान वर न करता पुटपुटली, "बाई, उंचताई पोचली का हो घरी? तिच्या चपला वरच आहेत."

चपला न घालता कोण घरी जातं? हिनं धीर करून मॅनेजरला विचारलं. तो हसला. "पोचली, पोचली. तुम्ही कशाला डोकं शिणवता? खिडकीतून वारा येतो ना?" त्या हसण्यानंच तिला कळायचं ते कळलं. उरलेला दिवस तिनं कसा काढला तिचं तिला ठाऊक. एका कोटाच्या बाह्या तिनं उलट्या जोडल्या, उसवल्या आणि पुन्हा उलट्याच जोडल्या.

घरी येऊन तिनं नणंदेपुढं सगळं ओकलं. नणंद भाजी निवडत होती. तिनं मध्येच हात थांबवला.

"मला एक सांग," ती म्हणाली. "त्या पोरीला बोलतं करायला तू तिला काय म्हणालीस? परत म्हण बघू."

हिनं मान खाली घातली. "आता कुणी ऐकत नाहीये. मला खरं सांग."

"आणि तिनं सांगितलं."

"हो वन्सं."

"अगं अवदसे!" नणंद कडाडली. "तुझ्या नकलेवर मी हसत होते गं इतकी वर्षं! जनावर तरी बरं, ते भूक लागली तर खातं. तू टाळ्यांसाठी खाल्लंस त्या लेकराला!" हिला रडू कोसळलं, पण नणंदेनं तिला जवळ घेतलं नाही. चार दिवस बोललीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी दुखरा गुडघा ओढत ती स्वतः बाहेर पडली आणि कारखान्याच्या कोपऱ्यावर पत्रकं वाटणाऱ्या संघटनेच्या बाईंना हाताला धरून घरी घेऊन आली. "ही माझी भावजय," ती म्हणाली. "हिच्या हातून पाप झालंय. निस्तरायचं कसं ते हिला सांगा. मी चहा टाकते."

संघटनेच्या बाईंचा घसा घोषणा देऊन देऊन कायमचा बसलेला होता. त्या घोगऱ्या आवाजात त्यांनी सरळ सांगितलं. वरच्या मजल्याबद्दल त्यांच्या कानावर केव्हाचं होतं. तक्रारी करून झाल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून झाल्या. दर वेळी कारखाना म्हणायचा, मुलींचं वसतिगृह आहे, विचारा मुलींनाच. आणि मुलींना विचारलं की मुली हसायच्या.

"मी सांगते ना!" ही म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलीय कडी."

"तुम्ही संध्याकाळी घरी येता. तुम्ही वर राहत नाही. त्यांच्यापैकी एकीनं म्हणायला हवं. एकीनं म्हटलं तरी पुरे." मग त्या थोडं पुढं सरकल्या. येत्या तपासणीला जो माणूस येणार होता तो त्यांच्या माहितीतला होता. सरळ, चिवट. एकेकीशी एकट्यानं बोलणारा. त्याच वेळी सरकारी कामगार अधिकारी गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबणार होते. आतून एका मुलीचा ‘मला जायचंय’ हा शब्द बाहेर आला की त्यांना वर जाता येणार होतं. "पण ही एकच संधी आहे. त्यांना हलवायचं चाललंय, हे तुम्हाला माहीत आहे का?"

माहीत होतं. धाकटीनंच सांगितलं होतं, बोचकी बांधून ठेवा म्हणून वर हुकूम आलाय. तपासणी पार पडली की त्याच संध्याकाळी सगळ्यांना ‘दुसरीकडे’ नेणार.

आता तिचं एकच काम उरलं, पोरींपर्यंत निरोप पोचवणं. तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं धाकटीला हात धुवायच्या नळावर गाठलं. नळ मोठा सोडला. म्हणाली, "नीट ऐक. उद्या येणारा माणूस खरा आहे. तो तुला विचारील तेव्हा खरं सांग. कडी, कागद, उंचताई, सगळं. बाहेर गाडी थांबणार आहे. तुम्हाला घरी जायला मिळेल. कळलं ना?"

धाकटी हात चोळत राहिली. मग तिनं मान वर केली आणि गोड हसली. "हो बाई."

"सगळ्यांना सांग. एकीला तरी बोलायलाच हवं."

"सांगते बाई. तुम्ही काळजी करू नका."

हिचा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर नणंदेला म्हणाली, "वन्सं, झालं काम." नणंदेनं विचारलं, "घाबरली नाही ती?" नाही, म्हणाली ही. अजिबात नाही. आणि म्हणताना तिचं तिलाच कसंसं झालं. एवढी मोठी गोष्ट ऐकून ती पोर जराही घाबरली कशी नाही? पण मनात आलेलं तिनं मनातच दाबून टाकलं.

तपासनीस आला तो वाकलेल्या पाठीचा, दमलेल्या चेहऱ्याचा, साधासा माणूस. त्यानं मॅनेजरचा चहा नाकारला, कॅन्टीनमधून सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि वरच्या पोरींना एकेक करून आत बोलावलं. कॅन्टीनच्या दाराला वरच्या बाजूला काच होती, आणि खिडकीजवळच्या मशीनवरून ती काच नीट दिसायची. हिचे पाय मशीनच्या पेडलवर चालत होते, डोळे काचेवर होते.

पहिली मुलगी बसली. तपासनीस बोलला, मुलीनं मान हलवली. पुन्हा बोलला, पुन्हा मान हलली. मग त्या भल्या माणसानं फाइल मिटली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढं वाकला.

हिच्या बोटांखालचं कापड वेडंवाकडं सरकलं आणि सुई काडकन मोडली. देवा रे! तोच चष्मा, तसंच वाकणं, तसाच खाली आणलेला आवाज, ऐकू येत नसला तरी येत होता. मनापासून विचारणारा माणूस असंच करणार ना! तिनं तरी नक्कल कुणाची केली होती? चांगल्या माणसाचीच. आणि काचेपलीकडे ती पोर गोड हसली.

दुसरी आली, हसली. तिसरी आली, हसली. एकीनं वर बोट दाखवून ते गरगर फिरवलं, म्हणजे पंख्याचं गाऱ्हाणं. धाकटी आत गेली तेव्हा ही अर्धी उभी राहिली होती. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं, खळी पाडून हसली, आणि कपातून चहा ओतल्यासारखा हात करून नाक मुरडलं. तपासनीसही हसला.

शेवटी खालच्यांना बोलावू लागले. हिची पाळी आली. आत जाऊन ती बसलीसुद्धा नाही. "साहेब, त्या खोटं बोलल्या. वर बाहेरून कडी आहे. चला, मी दाखवते."

तपासनीस खरंच सरळ माणूस होता. तो लगेच उठला. जिना चढताना हिच्या नाकाला ताज्या रंगाचा वास आला. दाराला बाहेरून काही नव्हतं. आतल्या बाजूला नवीकोरी कडी, चकचकीत. "इथं होती!" ती चौकटीवर हात चापटत म्हणाली. "इथं कडीच्या भोकांत लांबी भरलीय बघा, ओली आहे अजून!" मागून मॅनेजर सावकाश वर आला. रंगकाम काढलंय, म्हणाला. तपासनीसानं धाकटीला वर बोलावलं. "इथं बाहेरून कडी होती का?" धाकटीनं एकदा हिच्याकडे बघितलं, डोळ्यांत थोडी चमक, शाळेतल्या हुशार मुलीच्या असते तशी. "नाही सर."

"माफ करा हं साहेब," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "या बाईंची आम्हाला सवय झालीय. या आमच्या कारखान्याच्या नटी. तपासणी करायची नक्कल करतात. विचारा कुणालाही." जिन्याच्या कठड्यावरून वाकून त्यानं खाली हॉलमध्ये विचारलं, "काय हो, या बाईंना आपण काय म्हणतो?"

खालून सगळ्या बायका प्रेमानं, कौतुकानं, हसत ओरडल्या, "तपासणीबाई!" आणि एकीनं वर हात करून म्हटलं, "अगं, करून दाखव ना साहेबांना!"

तपासनीसानं हिच्याकडे बघितलं. त्याला राग आला नव्हता, दमणूक वाढली होती फक्त. "बाई," तो म्हणाला, "मी यासाठी फार लांबून येतो. ही थट्टेची गोष्ट नव्हे. घाबरलेल्या मुली चहाबद्दल तक्रार करत नाहीत." ती त्याचा हात धरायला धावली, शपथा घातल्या, ततपप करत काहीबाही बोलली, आणि जितकी जास्त बोलली तितकी ती नक्कलच वाटत गेली. कोपऱ्यावर थांबलेल्या अधिकाऱ्यानं तपासनीसाशी दोन शब्द बोलून गाडी सुरू केली. संघटनेच्या बाई गाडीच्या दाराला धरून काही अंतर चालत गेल्या, घोगऱ्या आवाजात ओरडत. गाडी गेली.

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजरनं हिला सांगितलं. "पण आज बसा थोडं. निरोप घ्यायचा असेल तुम्हाला."

संध्याकाळी, उजेड होता अजून, मागच्या फाटकाला एक बंद व्हॅन उलटी लागली. पोरी बोचकी घेऊन एकेक करून चढू लागल्या. ओरडणं नाही, ढकलणं नाही, मॅनेजर लांब उभा राहून बाह्या सारख्या करत होता. संघटनेच्या बाईंना वॉचमननं पुढच्या फाटकावरच अडवून ठेवलं होतं. धाकटी शेवटची. ही धावत जाऊन व्हॅनच्या दारापाशी उभी राहिली.

हिला बघताच धाकटीचं तोंड फुललं. चढून बसल्यावर ती बाहेर वाकली आणि कुजबुजली, "बाई, आज कुणीच चुकलं नाही! एकजणसुद्धा नाही. नळावर तुम्ही सांगितलंत ना, तेव्हाच मी सगळ्यांना जाऊन सांगितलं, उद्या फार अवघड परीक्षा आहे, सांभाळा. तो नवा माणूस बराय, पण तुमच्यासारखं नाही जमत त्याला."

"अगं तो खरा होता," ही म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. "तो खरा होता पोरी, देवाशपथ खरा होता. मीही खरं सांगत होते. उतर. आत्ता उतर, माझ्याबरोबर घरी चल, मी सोडणार नाही तुला." तिनं धाकटीचं मनगट घट्ट धरलं आणि ओढलं. ड्रायव्हर आरशातून बघत होता. मॅनेजर जागचा हलला नाही. त्यानं नुसतं बघितलं, आणि धाकटीनं त्याला बघताना बघितलं.

पोरीचं हसू मावळलं. तिनं दुसऱ्या हातानं एकेक करून हिची बोटं सोडवली, दुखवायचं नाही अशा बेतानं, आणि दाराची मूठ धरली. आतल्या पोरी माना पुढं काढून बघत होत्या.

"नाही बाई, मी नाही उतरणार," धाकटी मोठ्यानं म्हणाली. मग दार ओढून घेता घेता, उरलेल्या फटीतून अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "साहेबांना सांगाल ना, मी नाही म्हणाले म्हणून?"

आणि तिनं आतून दार लावून घेतलं.